पाचशे लिटरपैकी माझे तीनशे वीस

अझैबा, मस्कत, शुक्रवार

तीर्थरूप भिकाजीकाकांना यशश्रीचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? तेल रोज लावता, की सुगंधाकाकू विचारते तेवढ्यापुरतंच? मी इथे खुशाल आहे. (खुशाल म्हणजे ताप-खोकला नाही, बाकीचं खाली येईलच.) फोनवर सांगताना मध्येच रडू येईल, म्हणून पत्र लिहिते. आमच्या ऑफिसातला कीथ बुधवारी मुंबईला निघतोय, तो तिथून पोस्टात टाकेल.

ऑफिसला एक काम मिळालंय. अझैबाहून रुसैलच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी गाड्या तुंबतात, त्यात किती पेट्रोल फुकट जळतं आणि किती कार्बन हवेत जातो, याचा अंदाज काढायचा. लोक असले आकडे कुठून तरी उचलतात. पण शाळा खाडीपलीकडे म्हणून चौथीपर्यंत तुम्ही मला ओसरीवर शिकवलंत, आणि न पाहिलेलं लिहिलं की पाटी पुसायला लावलीत. ती सवय जात नाही. म्हणून सोमवारी सकाळी टाकी काठोकाठ भरून मी त्या रस्त्याच्या कडेला गाडी लावली. चारही दिवे लुकलुकत ठेवले, इंजिन आणि एसी चालू. तासाभरात उभी गाडी किती पेट्रोल पिते ते बघायचं, आणि तोवर तुंबलेल्या गाड्या मोजायच्या.

इथली माणसं किती भली आहेत, हे मी धरलंच नव्हतं. कडेला बाई गाडी लावून उभी दिसली की ओमानी माणसाचा पाय पुढे पडत नाही. आधी एक आजोबा पाण्याच्या बाटल्या घेऊन आले, मग दोघे जण ओढायचा दोर घेऊन, मग कामगारांची अख्खी बस थांबली आणि त्यातले आपले चिपळूणचे धनंजय फिटर "ताई, बॉनेट उघडा" म्हणून हटूनच बसले. मी आजोबांना सांगितलं, "गाडी ठीक है, पेट्रोल कितना फालतू जलता है वो देखती हूँ." त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जलाके देखती? खलास, बंद करो, घर जाओ." मी बंद केली नाही. तास भरायला अजून बावीस मिनिटं होती.

तुंबलेल्या सगळ्या गाड्यांचा मिळून हिशेब आला तासाला पाचशे लिटर, म्हणजे साडेअकराशे किलो कार्बन डायऑक्साइड. आमचे वसईचे कॉस्मास सर इतके खूश झाले की त्यांनी गिऱ्हाइकाला लगेच फोन करून आकडा सांगूनही टाकला. मंगळवारी चहाच्या वेळी शेजारच्या टेबलावरची शकीला म्हणाली, "कल लेट क्यूँ हुई मालूम? कोई पागल औरत रोड पे गाडी लगाके खड़ी थी, आधा मस्कत उसको देखने रुका!" माझा चहा सांडला. लहानपणी पंगतीची पानं मोजताना स्वतःला धरायला विसरले, तेव्हा फक्त मी उपाशी राहिले होते. या वेळी विसरले तर रुसैलपर्यंत रांग लागली.

सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाय माझे, गाड्या कोणामुळे अडल्या ते धुराला ठाऊक असतं काय?" मी ऐकलं नाही. गुरुवारी टायरवाल्या इरफानभाईंच्या गच्चीवर, कुणाला दिसणार नाही अशी बसून पुन्हा मोजलं. एकशे ऐंशी! उरलेले तीनशे वीस माझे. एवढ्याशा आकड्यावर गिऱ्हाईक हसेल, असं सर म्हणाले, आणि माझी सहा महिन्यांची उमेदवारी याच महिन्यात संपते, याचीही त्यांनी आठवण करून दिली. पण रविवारी (इथे तो कामाचा वार) मी गिऱ्हाइकापुढे दोन ओळी मांडणार: रस्त्याचे एकशे ऐंशी, यशश्रीचे तीनशे वीस. दुसरी ओळ ठळक. नोकरी राहिली तर राहिली.

तुमची,
यशश्री

ता. क. गुडघ्याची चौकशी मनापासून होती, पण पत्र त्यासाठी नव्हतं. नोकरी पक्की झाली म्हणून बाबांनी आधीच पेढे वाटलेत. तसं नाही, हे त्यांना तुम्ही सांगा. जेवणानंतर सांगा.

ता. क. २ (सोमवार) वरचं खोडलं नाही, लिहिलं तेव्हा ते खरं होतं. गिऱ्हाइकाने काल पहिली ओळ वाचलीच नाही. एक उभी गाडी एवढं करते, हे बघून ते खुर्चीत पुढे सरकले. आता त्याचाच अभ्यास हवाय. पोलिसांची परवानगी काढून मला आणखी सोळा सोमवार तिथेच गाडी लावून उभं राहायचंय. (काकूला सांगा, धरले एकदाचे.) नोकरी पक्की! बाबांना तेवढंच कळवा. मुलीला पगार रस्ता अडवण्याचा मिळतो, हे मात्र नको.