तुझ्या आवाजावर माझा धडा

इंदोरा, नागपूर
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय धम्मानंद,

सप्रेम जयभीम.

भिलाईची थंडी ओसरली असेल. इथे दुपारी पंखा लावावा लागतो. मी ठीक आहे. रक्तदाब आहे, गोळी आहे, दोघांचं जमतं. दोन पोळ्या करते, त्यातली एक उरते. फोन केला नाही, कारण फोनवर तू 'बरं' म्हणतोस आणि ठेवतोस. हे पत्र शेवटपर्यंत वाच.

मागच्या महिन्यात मिनल आली होती. माझी जुनी विद्यार्थिनी, आता विद्यापीठात संशोधन करते. विषय काय, तर जमैकातले सुरुवातीचे डीजे. किंग्स्टनच्या वस्त्यांत मोठाले स्पीकर लावून नाच चालायचे. रेकॉर्ड निवडणारा एक आणि माइकवर लयीत बोलणारा दुसरा. या बोलणाऱ्यालाच तिथे डीजे म्हणत. पुढे गायकाचा आवाज काढून नुसती वाद्यं ठेवलेल्या रेकॉर्डी आल्या, त्यांवर हे लोक बोलू लागले, आणि १९७०च्या सुमारास त्या बोलण्याच्याच रेकॉर्डी खपायला लागल्या. मला यातलं बरंचसं माहीत होतं. तिला बोलू दिलं.

मग ती म्हणाली, "मॅडम, आपल्या इंदोऱ्यातही दोघं असं करायचे म्हणे. एकाचं आडनाव तुमचंच आहे."

मी सांगितलं, माझा भाऊ. वरच्या खोलीत केनियाचा जोसेफ राहायचा, शिकायला आलेला. त्याच्याकडच्या जमैकन रेकॉर्डी ऐकून याला नाद लागला. याचा मित्र नत्थू, त्याची साऊंड सर्व्हिस होती. नत्थू रेकॉर्ड लावायचा, हा बोलायचा.

"एखादं रेकॉर्डिंग आहे?"

"एकच होतं. चुकून पुसलं गेलं."

चाळीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारल्याबरोबर मी खोटं बोलले.

धम्मा, तुझी कॅसेट नत्थूने विकली नव्हती. मी पुसली.

कॉलेजातल्या नोकरीच्या मुलाखतीसाठी मला माझं इंग्रजी वाचन टेप करून उच्चार तपासायचे होते. घरात दोन कोऱ्या कॅसेटी होत्या. मी तुझी घेतली. तिच्यावर तुझ्या अक्षरात लिहिलेलं नाव मी वाचलं होतं. आदल्या दिवशी ती ऐकलीही होती. तू म्हणतोस, 'माही ताई बोलते पुस्तकावानी, मी बोलतो मायवानी', आणि मागे नत्थू हसतो. आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी तिचं ते बोलणं जिभेवरून घासून काढत होते आणि तू तेच माइकवरून जगाला ऐकवणार होतास. शिवाय ती कॅसेट घेऊन तुम्ही दोघं मुंबईला निघणार होतात. मग या घरात मी आणि बाबा. बटण दाबताना मला हे सगळं कळत होतं. मग कॅसेट कपाटात लपवली आणि तुला शोधत राहू दिलं.

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तू माइक घेतलास आणि भर चौकात म्हणालास, "नत्थू चोर आहे. माही कॅसेट त्यानं कामठीच्या बँडवाल्याले विकली." मी गच्चीवर उभी होते. उतरले नाही. त्या वर्षी नत्थूची सर्व्हिस बंद पडली, तो कन्हानला गेला. तू भिलाईला. मला नोकरी लागली.

परवा कपाटातून कॅसेट काढली. जुना टेप दुरुस्त करून घेतला होता, तो पिशवीत घातला आणि कन्हानला गेले.

नत्थूला आता ऐकू येत नाही. स्पीकरशेजारी जन्म गेला, कान गेले. म्हणून मी सगळं वहीत लिहून दिलं. मनातल्या मनात वाचेल असं वाटलं होतं. त्याने चष्मा लावला आणि बहिरा माणूस वाचतो तसं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचलं: "कॅसेट मी पुसली. तुम्ही चोर नव्हता. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले." समोरच्या ओट्यावरच्या बायका तूर निवडायच्या थांबल्या. मी त्याला अडवलं नाही.

त्याची बायको कांताबाई आतून आली. "बाई, तुमी लेकराइले खरं बोलाले शिकवत होत्या ना?"

"शिकवत होते."

"आमच्या पोरीची सोयरीक दोनदा मोडली. चोराची पोरगी म्हणत लोकं. तवा कुठं होत्या?"

मी इथेच होते, वीस किलोमीटरवर.

"चूप बस वं," तिचे ओठ हलताना पाहून नत्थू म्हणाला. "टेप लावा, बाई."

माझं इंग्रजी वाचन बावीस मिनिटं चालतं. ते संपलं की खट् होतं, आणि पुढे तुझी चार मिनिटं उरली आहेत. नत्थूने स्पीकरवर तळहात ठेवला होता. माझा आवाज चालू होता तोवर हात तसाच पडून राहिला. मग तो जड ठेका सुरू झाला आणि त्याची बोटं हलली. "आला," तो म्हणाला. मी वहीत लिहिलं: तो म्हणतोय, 'नत्थू, सुई उचल गा, पयल्यापासून लाव.' त्याने वाचलं. हे मात्र मोठ्याने वाचलं नाही.

वही परत देत तो म्हणाला, "त्यानं माइकवर म्हटलं होतं. आता इथं येऊन सांगावं, मोठ्यानं. मले ऐकू नाही येत, पण गल्लीले येते."

मी लिहिलं, 'आणि मी?'

"तुमचं झालं ना. मीच तं वाचलं."

कॅसेट त्याच्याकडे ठेवून आले. मिनलला खरं काय ते कळवलं आहे. तिला ती हवी असेल तर नत्थूला विचारावं लागेल.

तू रागावशील. रागाव. माफी मागत नाही, तेवढी माझी लायकी उरलेली नाही. पण नत्थू अडुसष्टचा आहे, आणि त्याचं नाव तुझ्याच तोंडून खराब झालं आहे. तुला खोटं बोलू दिलं मी, तरी त्याला मोकळं करणं तुझ्याच हातात आहे. पत्र मिळालं की निघ. दुर्गकडून येताना नागपूरच्या आधी कन्हान लागतं. तिथेच उतर. बाहेर कुणालाही 'नत्थू साऊंडवाला' विचार, घर दाखवतील.

तिथून पुढे माझ्याकडे यायचं की परतीची गाडी धरायची, हे तू ठरव. वाट पाहते असं लिहून मी तुला बांधणार नाही.

इतकी वर्षं पत्राखाली 'तुझी ताई' लिहीत आले. आज नुसतं नाव लिहिते.

माया