लिफ्टमधून पडणारा वीर आणि माझी पदवी

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. तुझा गुडघा आता कसा आहे? तू अजून जिनेच चढतेस म्हणे. (आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्यामुळे जिना चढणारी माणसं बाबांना कृतघ्न वाटतात.) इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे आई मजेत आहे. मी आणि बाबा सहा महिने भांडत होतो.

कारण तुला ठाऊकच आहे. मला व्हिडिओ गेम बनवायचे आहेत. बाबा म्हणायचे, खुशाल बनव, पण पदवी कॉम्प्युटर सायन्सची घे. मी म्हणायचे, पदवीच्या नावातच 'गेम डिझाइन' पाहिजे. खरं म्हणजे कॉम्प्युटरच्या पदवीत गणित आहे, आणि गणिताचं नि माझं किती पटतं ते तुझ्याइतकं कोणाला माहीत! (तुझ्या शिकवणीतून मी पोटदुखीचं सोंग करून पळाले होते, हे आज कबूल करते.) मी हट्टाला पेटले. चार दिवस बाबांशी अबोला धरला, जेवताना मीठसुद्धा आईमार्फत मागितलं. शेवटी बाबा म्हणाले, "घे बाई, तुला हवी ती घे." मी जिंकले आणि मैत्रिणींना लगेच कळवून मोकळी झाले.

विजयाच्या भरात मी बाबांना माझा गेम खेळायला बसवलं, तिथून फजितीला सुरुवात झाली. गेममध्ये एक वीर उंच मनोऱ्यात लिफ्टने वर जाऊन राक्षसाला मारतो. मनोऱ्याची वीट न् वीट मी खपून रंगवली होती. बाबा लिफ्टपाशी थांबले, चष्मा कपाळावर सरकवला आणि वीराला आत पाठवायला साफ नकार दिला. लिफ्ट मजल्यावर आलेली नसताना दार उघडतं म्हणे! मी म्हटलं, बाबा, हा खेळ आहे. तर म्हणाले, त्यालाही आई असेल. मग दोषांची यादी लिहून खाली तारखेसह सही ठोकली आणि दुरुस्ती होईपर्यंत दारावर 'लिफ्ट बंद आहे' अशी पाटी रंगवायला लावली. मी निमूट रंगवली. राक्षस वर सुखात आहे.

ती पाटी पुसायला मी विसरले आणि तसाच गेम घेऊन विद्यापीठाच्या माहिती-दिवसाला गेले. तिथे एका गेम कंपनीतल्या प्रोग्रामर बाई आल्या होत्या. पाटी पाहून त्या इतक्या हसल्या की रांगेतली मुलंही वाकून बघू लागली. पाटी बाजूला करून त्यांनी वीराला आत पाठवलं. तो पठ्ठ्या लिफ्टच्या तळातून थेट खाली! का पडला, असं त्यांनी विचारलं. मी विटांच्या रंगांबद्दल बोलत राहिले. (दुसरं काय बोलणार?) त्या शांतपणे म्हणाल्या, चित्रं छान आहेत, पण हा का पडतो ते कळायला गणित लागतं, आणि आम्ही पदवीचं नाव नंतर विचारतो, पडलेल्याला उभं करता येतं का ते आधी बघतो.

आत्या, घरी येऊन मी त्याला सतरा वेळा लिफ्टमध्ये घातलं. सतराही वेळा पडला. मला रडू आलं, पण तो का पडतो हे कळल्याशिवाय आता चैन पडणार नाही. म्हणून ठरलं. मी कॉम्प्युटर सायन्सच घेणार. गणिताची भीती वाटते, अजूनही वाटते, पण माघार नाही. अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे.

तुझी भाची

ता. क. : पण हे बाबांना कोणत्या तोंडाने सांगू? तेव्हा तू शुक्रवारच्या आत फोन कर आणि मोठ्या बहिणीच्या अधिकाराने हुकूम सोड, की पोरीला कॉम्प्युटर सायन्सच द्या. मी थोडी रडेन, मग तुझ्या शब्दाखातर ऐकेन.

ता. क. २ : सुट्टीचे दोन महिने तुझ्याकडे गणित शिकायला येते. मी आत आले की दाराला कडी लाव.

ताई, पोरीने पत्र टाकायला माझ्याकडे दिलं होतं, पाकीट उघडंच होतं. फोन नक्की कर. मी दोनदा नाही म्हणेन, तिसऱ्यांदा ऐकेन. मी वाचलंय हे तिला सांगू नकोस. ती जिंकली आहे, तसंच राहू दे.