मस्कत, तीन तासांवर

४ फेब्रु. २००१
पोरगी झाली! मस्कतला माझ्या धाकट्या गुलशनला पोरगी झाली. फोनच्या बूथवाला अस्लम सांगत पळत आला, मी तशीच धावले, एक चप्पल घरीच. थोरलीला दोन्ही पोरगेच, ही पहिली नात. गल्लीला गूळ वाटला. कोंडाबाईला दोनदा, ती पहिला घेतलाच न्हाई म्हणाया लागली.
बाळंतपण हितं केंदूरला माहेरी व्हायचं. जावयानं तिकिटाचं आज-उद्या केलं, मग विमानवाले म्हणले दिवस भरत आले, आता बसवत न्हाई. जाऊ दे. नात गोरी हाय म्हणं.

९ फेब्रु.
डिंकाचे लाडू केले. कुणासंगं धाडू? हे म्हणले, "तीन तासाचं तर हाय."
लेक द्यायची ती सकाळी जाऊन दिवेलागणीला परत येता येईल तिथंच, ही ह्यांच्या घरातली रीत. म्हणून थोरली जवळच्या राहू गावात दिली. गुलशनच्या वक्ताला मध्यस्थ म्हणला, "चाचा, मस्कत विमानानं तीन तास. यष्टीनं राहूला जायला तुम्हाला जास्त लागतंय." हे हसले. हो म्हणले.

१५ फेब्रु.
गुलशन फोनवर बोलली. आवाज पार खोल गेलेला. "अम्मी, तू ये." ताप हटंना, बाळाला दूध पुरंना, घरात दुसरं बाईमाणूस न्हाई. मागनं जावई, "ठेव आता." ठेवला.
थोरलीला सासू छळायची तवा हे सायकलवर राहूला गेले. भांडले न्हाईत. ओसरीवर बसले, चहा पिले, आले. तेवढ्यावर सासू नरमली. मस्कतच्या ओसरीवर कोण बसंल.

२७ फेब्रु.
पासपोर्टापायी पुण्याला. जन्माचा दाखला मागितला. माझा कुठला दाखला, पेरणीच्या दिवसातली म्हणायची आई. तो काढा, मग पोलीस घरी येणार, मग व्हिसा, तो जावयानं धाडायचा. जावई म्हणतो बघतो.
ह्यांनी खिडकीतल्या साहेबाला इचारलं, "पण तीनच तास ना?"
"विमानात बसल्यावर, चाचा."
येताना शिरूरच्या गाडीत बसायचं तर दौंडच्या चढलो. उतरून परत.

११ मार्च
फोन लावला. जावई म्हणला, झोपलीय, उठवतो. रिसीवर तसाच ठेवून गेला. कुणी येईना. बाळ रडत होतं. एकटंच. कुणी घेईना उचलून. मी हितनंच म्हणलं, "चुप गं माझी बाय, नानी हाय ना." लई वेळ म्हणत राहिले, बूथमधली माणसं बघाया लागली. मग रडं थांबलं. मग काहीच न्हाई. ती गप झाली का लाईन गेली, अस्लमला बी कळंना.
बाहेर हे उभे. "काय म्हणली गुलशन?"
मी म्हणलं, नात माझा आवाज वळखाया लागली.