ओटरवीरचा बुरूज

ओटरवीर, मंगळवार

तीर्थरूप जेबिना आत्यास,

लुबर्टचा वाकून नमस्कार. (पार कॅनडापर्यंत पोचेल इतका वाकलोय, कंबर धरली आहे.) तुझा गुडघा कसा आहे? इथे बाबा ठणठणीत आहेत, म्हणजे रोज कुणाशी तरी भांडतात.

बातमी अशी, की आपली गावपालिका शेजारच्या ग्रोटेनडाइकमध्ये विलीन करायचं वर ठरलं. ग्रोटेनडाइकमध्ये! पणजोबांच्या वेळच्या पुरात ज्यांनी स्वतःच्या बांधाचे दरवाजे लावून घेतले आणि सगळं पाणी आपल्या गाईंच्या अंगावर सोडलं, त्यांच्यात! नगराध्यक्ष हार्मसेन (उंची बेताची, छाती मात्र प्रांताएवढी) म्हणाले, "इतिहास दाखवा, गाव वाचेल." आता आपला इतिहास म्हणजे पूर, बटाटे आणि चर्चमधल्या बाकांवरून भांडणं. पण मी पडलो इतिहास मंडळाचा अध्यक्ष (सभासद दोन; दुसरा कॉफीपुरता येतो). चर्चमागे खणलं, तर जुन्या विटांचा गोल कट्टा लागला. हार्मसेन नाचायलाच लागले, "बुरूज! सरदाराचा बुरूज!" मी म्हटलं, साहेब, सरदार कोण? "तो तू शोध!" मी शोधला. (आडनाव आपलंच दिलं, रागावू नकोस.)

प्रांत सरकारच्या अधिकारी बाई पाहणीला आल्या. सगळं गाव वाटाण्याच्या सूपची पातेली घेऊन हजर. हार्मसेन गळ्यात पदाची साखळी घालून बुरुजावर चढले, "या मातीनं कधी मान..." इथवर बोलले, आणि कट्टा खचून मान तेवढी वर राहिली, बाकीचे हार्मसेन आत गेले. खाली खताची टाकी होती गं, कैक वर्षं मुरलेली. बाबा म्हणाले, "ही तर पाद्र्याच्या डुकरांची!" मी ओरडलो, "मग इतके दिवस गप्प का बसलात?"

"सरदार आपल्या घराण्यातला म्हणालास ना!"

आपला आगीचा बंब काटकसरीत कधीच गेला, म्हणून ग्रोटेनडाइकचा बोलवावा लागला. त्यांनी दोर सोडण्याआधी वाकून विचारलं, "काय साहेब, विलीन व्हायला हरकत आहे का?" "नाही रे बाबांनो, ओढा!" हार्मसेन आतून म्हणाले. बाईंनी तेवढंच टिपून घेतलं.

हार्मसेन आता नव्या पालिकेत मोठ्या खुर्चीवर आहेत. खातं सांडपाण्याचं. गावाच्या नावाची पाटी उतरवली, तेव्हा बाबा टोपी काढून उभे राहिले, आणि मला एकही चेष्टा सुचली नाही.

सांभाळून राहा. ग्रोटेनडाइकच्या माणसावर विश्वास टाकू नये, हेच खरं.

तुझा भाचा,
लुबर्ट

ता. क. जूनमध्ये माझं लग्न आहे. मुलगी ग्रोटेनडाइकची, नाव अन्नेरी. बाबांना ती कुठली ते ठाऊक नाही. ते फक्त तुझंच ऐकतात (मध्ये समुद्र असल्यामुळे असेल), तेव्हा फोन करून तूच सांग.

ता. ता. क. जरा लवकर कर. काल तिच्यासमोर त्यांनी ग्रोटेनडाइकवाल्यांना पोटभर शिव्या घातल्या. कमी पडल्या तशा तिनं दोन नव्या पुरवल्या. तेव्हापासून "सून करावी तर अशीच" म्हणत गावभर फिरताहेत.