नवे टायर, उजवी चप्पल

३ नोव्हेंबर, सोमवार
दादाची उजव्या पायाची चप्पल आज पुन्हा बेपत्ता, आणि संशयित एकमेव, अस्मादिक. संस्कृत शिकलेल्या माणसाने पन्नाशी उलटल्यावर थोरल्या भावाची चप्पल लपवावी, हा आरोप कोणत्या पातळीचा आहे याची वहिनींना कल्पना नसावी. सायंकाळी ती जीपमध्ये सापडली, ॲक्सिलरेटरखाली. म्हणजे स्वारी अंगणातून घरात एका पायाने अनवाणी आली होती.
"तुला कळलं नाही?"
"न्हाई कळलं. त्यात काय येवढं, शास्त्री?"
निर्दोष सुटलो. माफी कुणी मागितली नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
डोंगरावरच्या मोबाइल टॉवरला डिझेल पोचवलं. चढताना ठीक. शाळेतली संस्कृतची जागा गेली तेव्हापासून माझा हुद्दा असा: टॉवरवाल्यांचे रिपोर्ट लिहिणे, आणि अवघड जागी जीपबरोबर हातात दगड घेऊन चालणे. चढताना चाकामागे, उतरताना चाकापुढे. इतकी वर्षं न्यायशास्त्र घोकून हाती एक दगड आला.
दादा पहिल्या गिअरात, इंजिनाच्या जोरावर उतरतो. ब्रेकला पाय लावणं त्याला कमीपणाचं वाटतं. शेवटच्या वळणाआधी थोडी सपाटी आहे, तिथे त्याने गिअर काढून जीप न्यूट्रलला टाकली. पुढे उतार, आणि जीप थेट कडेला. दगड वेळेवर पडला. नाहीतर
दादा खाली उतरला, टायरवर हात फिरवला. "गुळगुळीत झाल्यात, राव. घसरली. नवीन घालू."
गुळगुळीत आहेतच. पण मागे जाऊन पाहिलं. मातीवर घासल्याचा फराटा कुठेच नाही. चाकं नीट फिरत आली होती, ब्रेक लागलाच नसल्यासारखी.
दगड उचलून गाडीत ठेवला.

८ नोव्हेंबर, शनिवार
चाकणला, रफिकभाईंच्या टायरच्या दुकानात. बाकावर चहा आणि शास्त्रार्थ.
पूर्वपक्ष दादाचा: मोठ्या गोट्यांचे मड टायर, आणि चकचकीत आलॉय रिम. (आलॉय बघताना चेहरा नवऱ्या मुलासारखा.)
रफिकभाई: "दादा, चिखल फक्त पावसाळ्यात. बाकी वर्षभर तुमचं डांबर नि दगड. मड टायर डांबरावर बोंबलत जाणार, लवकर झिजणार. ए.टी. घ्या, ऑल-टेरेन. दोन्हीकडं चालतंय."
"आन आलॉय?"
"दगडावर आदळलं की तडकतंय. लोखंडी रिम वाकली तर ठोकून सरळ तरी करता येती."
मग मी तोंड उघडलं. रिम फार रुंद नको, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासेल. पंधरा इंचाचीच रिम ठेवू, सोळाची नको, टायरची भिंत उंच राहते, दगडात उपयोगी. आणि भार सोसणारा टायर हवा, मागे डिझेलचे बॅरल असतात.
"शास्त्रीबुवा, टायरवर पण ग्रंथ वाचला काय?"
वाचला. संध्याकाळी दुसरं काही वाचायचं नसलं की टायर बरे.
निघालो, नि रफिकभाई मागून ओरडत आले, हातात दादाची उजवी चप्पल. कॉम्प्रेसरपाशी राहिली होती. "दादा, ही पण बदलायची का?" दादा खो खो हसला. दुकान हसलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
वहिनी ओट्याशी, आवाज खाली. "भाऊजी, काल यांनी शेकायला पाय बादलीत घातला. पाणी कढत होतं हो, माझा हात पोळला. पाय लालबुंद, नि हे आपले मजेत पेपर वाचतायत."
दादाला साखरेचा आजार कधीपासून आहे. गोळ्या आठवतील तशा.
दादाकडे विषय काढला. डॉक्टर. "टायर बसू दे, मग बघू." थोडे दिवस ड्रायव्हर ठेवू? त्याने जीपची किल्ली खिशात टाकली. मग: "आरं, जीप माझी हाय. ह्या डोंगरावर वाट मी पाडली. ड्रायव्हर कशापायी?"
मी म्हणालो, मग मी शिकतो डोंगरात चालवायला.
"तू दगड धर."
दादा नाही तर जीप नाही, जीप नाही तर घर चालत नाही, आणि दगडाला दुसरा माणूस नाही. असा आमचा त्रिकोण. आत सगळे बसलेले, दार कुणीच शोधत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
टायर बसले. चार आणि स्टेपनी, काळ्या लोखंडी रिमवर. वहिनींनी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. रफिकभाईंनी बजावलं, थोडं चालवून नट परत आवळा. निघोज्याच्या रस्त्याला थांबून आवळले. दादाने आवळले, मी मोजले.
मग डोंगर. काय पकड! सुट्ट्या मुरुमावर बकरीसारखी चढली. दगड लागला नाही. दादा गाणं म्हणत होता, सुरात नाही, पण पोटातून.
उतरताना म्हणाला, "बस की आत. आता कशाला पायपीट?" बसलो. किती वर्षांनी.
शेवटचं वळण. तीच सपाटी. दादाने मान वाकवली आणि स्टिअरिंगखाली पाहिलं. आपला पाय कुठे आहे ते बघायला. मग ब्रेक दाबला.
टायरांनी सुंदर धरलं. जीप जागच्या जागी.
"बघ! टायरच होतं."
"हो," म्हणालो.

१६ नोव्हेंबर, रविवार
टायर उत्तम. काही दोष नाही. हीच अडचण झाली.
उद्या सकाळी पुन्हा डिझेल. दादाने फर्मान काढलं, गाडीतला दगड टाकून दे, उगाच वजन. नाही टाकला. सीटखाली सरकवला.
आता सरळ लिहितो. दादाला उजव्या पायाखाली ब्रेक आहे की नाही, हे कळत नाही. मला ठाऊक आहे, वहिनींना अर्धं ठाऊक आहे, आणि काल मान वाकवली तेव्हा समजलं, त्यालाही ठाऊक आहे. टॉवरवाल्यांना सांगितलं तर काम जातं, त्याची जीप सुटते, आणि तिच्याबरोबर तोही संपतो. नाही सांगितलं तर
मला भीती वाटते. टायरची कधीच नव्हती.
उद्या आत बसायचं की दगड घेऊन बाहेर चालायचं, ठरत नाही.