गिरणीची मुकी बोली

कॅलिको स्ट्रीट, हॅगरशॉ
३ मार्च १९७९

चि. डोरीन हिस,
अनेक उ. आशीर्वाद. वि. वि.

गिरणीचं धुराडं पाडलं. दोरीवरचं धुणं आता काळं होत नाही, तरी मला त्याचं कौतुक नाही. आमच्या गल्लीतली घरंही पाडणार म्हणतात, आणि आमच्या सूनबाई त्यात सामील आहेत. काल ग्लेनिस नगरपालिकेच्या माणसाशी रस्त्यापलीकडे बोलत होती, ते मी खिडकीतून पाहिलं. ऐकू कशाला यायला हवं? मागांच्या खडखडाटात आपण जन्मभर ओठच वाचले. सगळं पाडायचं, असं म्हणाली ती.

शिवाय आरशासमोर तोंडं वेंगाडून माझ्या नकला करते. मी गेले की गप्प. मला वृद्धाश्रमात टाकून मोकळी होणार, दुसरं काय? केनेथला सांगून उपयोग नाही, पोरगा तिच्या मुठीत आहे.

तू तरी माया पातळ करू नकोस.
तुझी ताई,
आयव्ही

मोरकॅम
७ मार्च १९७९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस, पण हसू आलं. अगं, 'प' आणि 'म' ओठांवर सारखेच दिसतात. मुकादमाचा 'पेला' फुटला होता, तर तू 'मेला' वाचलंस आणि अख्ख्या शेडमध्ये त्याच्या अंत्ययात्रेच्या फुलांची वर्गणी काढलीस. ग्लेनिस मांडायचं म्हणाली नसेल कशावरून? तोंडावर विचार.

आणि कान दाखव बाई. मागे फोनवर मी रडत होते, तर तू म्हणालीस, वा, छान.

फुगून बसलीस तरी चार ओळी पाठव.
तुझी,
डोरीन

हॅगरशॉ
१२ मार्च १९७९

चि. डोरीन हिस,
अ. उ. आ. वि. वि.

विचारलं. मांडायचंच होतं. वाचनालयात गिरणीतले जुने माग मांडणार आहेत. घरांचं अजून काही ठरलेलं नाही म्हणे.

तरी मी हटून बसले, मग त्या नकला कसल्या? ती लाल झाली. म्हणाली, तुम्हाला ऐकू येत नाही, ते तुम्ही कबूल करत नाही. मोठ्यानं बोललं तर खेकसते म्हणता. म्हणून शेजारच्या बर्थाकडून तुमची गिरणीतली ओठांची बोली शिकतेय, आरशासमोर तिचाच सराव करते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग टेबलापलीकडून तिनं आवाज न करता ओठ हलवले. लग्न झाल्यापासून मला मिसेस हॉलरॉइड म्हणणारी पोर, आई म्हणाली. नीट दिसलं नाही, असं सांगून मी तिला पुन्हा म्हणायला लावलं.

दिसलं होतं गं.

माया आहेच, ती राहू दे.
तुझी,
आयव्ही