मूठभर बदाम

३ जून
रक्ताचा रिपोर्ट आला. ४.१! सहाच्या आत ठेवा म्हणाले, ठेवलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, "तुमच्यासाठी गरोदरपण म्हणजे रोजची परीक्षा." देऊ की! एकोणतीस वर्षं देतेच आहे.

फेनिलअॅलनिन. दूध, डाळ, पोळी — जिथे प्रथिनं तिथे हे. बाकीच्यांना ते लागतंच. माझ्या शरीराला मोडता येत नाही, रक्तात साठतं आणि मेंदूला बाधतं. आता बाळाच्या मेंदूला. म्हणून साबुदाणा, भाज्या आणि ती घाणेरड्या वासाची औषधी पावडर. सगळं काट्यावर तोलून.

५ जून
सासूबाई : "दोन जिवांची बाई आणि पोटात नुसता साबुदाणा! रोज कसली गं एकादशी?"

१० जून
सासूबाई विरघळल्या! मंडईतून लाल भोपळा आणून स्वतः सूप करतात. रोज दोन वाट्या पिते. इतकं छान सूप जन्मात प्यायले नव्हते.

१७ जून
११.३.
पुन्हा तपासायला लावलं. तेच.

१८ जून
आज लवकर उठले. ओट्याशी सासूबाई भिजवलेले बदाम सोलत होत्या. मूठभर! सुपात घालायला!! मला चव कशी कळणार? आयुष्यात बदाम खाल्लेला नाही.

"अगं, तुला पचत नाहीत म्हणून तर गंधासारखे वाटते. बाळाची बुद्धी तल्लख होईल."

बुद्धी! ओरडले मी. घर डोक्यावर घेतलं. पुष्कर म्हणतो, "आईनं मायेनं केलं गं." नवरा आहे, आईचीच बाजू घेणार. पण माया रक्तात उतरली की ११.३ होते, त्याचं काय?

आजपासून माझा स्वयंपाक वेगळा. माझ्या भांड्यांना कुणी हात लावायचा नाही, तोंडावर सांगितलं. वाईट सून म्हणा. खुशाल म्हणा! मला बाळ धड हवंय.

२४ जून
५.२! कुणाच्याही मायेशिवाय.
सासूबाई बोलत नाहीत. नका बोलू.

२९ जून
सासूबाईंना माझ्या माहेरी नेलं. दादाला दाखवलं. माझा सख्खा भाऊ, चौतीस वर्षांचा, माझ्यासारखाच. पण त्याचं वेळेत कळलं नाही. बोलता येत नाही, हातानं जेवता येत नाही. लग्न ठरताना त्याला लपवलं होतं. पुष्करला नंतर सांगितलं, सासूबाईंना कधीच नाही. त्यांना मी एवढंच म्हटलं होतं — पचत नाही.

त्यांनी आईच्या हातातून वाटी घेतली, दादाला भरवायला बसल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे आधी दाखवलं असतंस, तर मी बदामाला हात लावला असता का गं?"